मेलेल्या वर्दाचा कागद

तुमच्या गल्लीत गेल्या पाच वर्षांत किती तान्ही पोरं गेली? चटकन सांगा. आठवायला लागलात ना? बरं, त्यातली सरकारी रजिस्टरात किती गेली? तेही ठाऊक नसेल. मग नबवियाला नावं ठेवायची घाई करू नका. आधी तिची हकीकत ऐकून घ्या.

नबविया इज्बत शाहीनची दाई. नाईलच्या पूर्वेला, पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी शंभरेक घरांची ही वस्ती. सगळे खाणीतले लोक. डोंगर यंत्रानं कापायचा, चुनखडीच्या विटा काढायच्या, ट्रकवर चढवायच्या. संध्याकाळी पुरुष घरी येतात ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. फरक एवढाच की हे पीठ झटकून जात नाही, छातीत जाऊन बसतं. खाली कालव्यापलीकडे कफ्र मनसूर, ऊस आणि केळीवाल्यांचं गाव. मधे एक पूल. दोन्हीकडची बाळंतपणं एकोणतीस वर्षं नबवियाच करत आली. हात तेच, कात्री तीच, उकळलेलं पाणीही तेच. पण पुलापलीकडे तीस बाळंतपणांमागे एखादं पोर जायचं. पुलाअलीकडे तीसमागे पाच जायची. एखाद्या वर्षी सहा.

नबवियाला लिहिता-वाचता येत नाही. तिला घरं आठवतात. कुठल्या घरात पोर पायाळू आलं, कुठल्या घरात सातव्या दिवसापर्यंत टिकलं, हे ती भिंती बघून सांगते. टिकलं तर सातव्या दिवशी पोराला चाळणीत घालून जमिनीवर ठेवायचं, आईनं त्यावरून सात वेळा पाऊल टाकायचं, आणि नबवियानं शेजारी पितळी खलबत्ता दणदण वाजवून पोराच्या कानात ओरडायचं, “आईचं ऐक! बापाचं ऐकू नको!” सगळं घर हसायचं. टिकलं नाही, तर तीच नबविया त्याला न्हाऊ घालायची आणि कापडात गुंडाळायची. केवढं कापड लागतं, म्हणायची, माझ्या डोक्यावरचा रुमाल पुरतो.

आता दौलतचं सांगतो. दौलत म्हणजे नबवियाच्या बहिणीची मुलगी, आणि सूनही. नबवियाचा मुलगा खलफ खाणीत कापणीयंत्रावर. दौलतला सातवा सरत होता, आणि तिची पोरं आठवा पुरा करत नाहीत. पहिली आठव्यात आली आणि एकोणीस दिवसांत गेली. दुसरीही आठव्यात आली. तिला नबवियानं कापसात गुंडाळून भाकरीच्या भट्टीजवळ महिनाभर सांभाळलं. ती जगली. या खेपेला पाय सुजले होते, पोट खाली उतरलं होतं, आणि नबवियाला बोटांनीच कळलं होतं की हे पोर लहान आहे. फार लहान. भट्टीनं भागणार नाही. याला काचेची पेटी लागेल. जवळची पेटी नदीपलीकडे, शहरातल्या इस्पितळात.

तेवढ्यात बातमी आली. या किनाऱ्यावरच्या दवाखान्यांना सरकार सहा पेट्या देणार होतं, सोबत नर्स आणि रुग्णवाहिका. रविवारी सकाळी कफ्र मनसूरच्या दवाखान्यात बैठक. नबविया काळा झगा घालून पहिल्या रांगेत जाऊन बसली.

जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टर सुहैर तरुण होत्या, आवाज बसलेला, डोळ्यांत झोप. त्यांनी रजिस्टर उघडलं.

“कफ्र मनसूर. पाच वर्षांत जन्म दोनशे चाळीस. वर्षाच्या आतले मृत्यू नऊ.” बोट खाली गेलं. “इज्बत शाहीन. जन्म एकशे सत्याऐंशी. मृत्यू…” त्यांनी पान उलटलं, परत मागे आल्या. “शून्य.”

मागून कुणीतरी म्हणालं, “डोंगराची हवा चांगली आहे, बाई!” खोलीभर हसू.

“मग पेटी कुठं ठेवू? तुम्हीच सांगा,” डॉक्टर म्हणाल्या.

नबविया उठली. “हे खोटं आहे.”

“काय खोटं?”

“ते शून्य.”

खिडकीशी बसलेला कारकून सिदकी गालात हसला. जन्ममरणाची नोंद त्याच्याच हातची. “मावशी, माझ्या हातचं पोर जात नाही, हे तूच अख्ख्या बाजारात सांगत फिरतेस की. आता जातं म्हणतेस?”

तिचा चेहरा तापला, कारण सिदकी खोटं बोलत नव्हता. ती तसं सांगायची. दाईची पत त्यावरच असते.

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं. “मावशी, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण वर मी विश्वास पाठवू शकत नाही, आकडा पाठवावा लागतो. पुढच्या गुरुवारी यादी जाणार. तोवर मेलेल्यांचे दाखले आणा, जुने असले तरी चालतील. दहा जरी आणलेत तरी मी भांडेन.”

अकरा दिवस. पूल ओलांडून परत येताना नबविया कठड्याला धरून उभी राहिली. दहा कशाला, तिनं स्वतःच्या हातांनी पाच वर्षांत चाळीसच्या वर गुंडाळले होते. आणि त्यातल्या एकाच्याही मरणाचा कागद नव्हता, कारण तसं तिनंच शिकवलं होतं.

झालं होतं असं. पंधरा वर्षांपूर्वी वस्तीतल्या दिम्यानाचा पहिला मुलगा मीना दोन महिन्यांचा होऊन गेला. तिचा नवरा मृत्यू नोंदवायला गेला तर पोलीस विचारतो, कसा मेला, कुणी मारला, उशीर का केला? दिवसाची मजुरी बुडाली, वर शिव्या. आणि जन्मदाखला तरी काय फुकट आला होता? आईबापाची ओळखपत्रं, लग्नाचा करारनामा, दहा हेलपाटे. इकडच्या अर्ध्या मुलींची लग्नं पंधराव्या वर्षी मशिदीतल्या शेखसमोर दोन शब्द बोलून होतात. कागद नसतोच. तेव्हा नबवियाच म्हणाली, “राहू दे गं नोंदवायचं. दाखला ठेव जपून. वर्षभरात दुसरा होईल, त्याला घाल. मोठ्याचा सदरा धाकट्याला घालतोच ना?” दुसरा झाला. त्याचं नावही मीनाच ठेवलं. कागद बसला. मग ही गोष्ट घराघरांत गेली. पोर मेलं तरी कागद जिवंत ठेवायचा, पुढच्यानं तो अंगावर चढवायचा.

पुलापलीकडे तसं नव्हतं. तिथं जमिनी आहेत, वाटण्या आहेत. दोन महिन्यांच्या पोराचाही वाटा निघतो, आणि मृत्यूच्या दाखल्याशिवाय वारसाची फाइल हलत नाही. म्हणून पलीकडचं प्रत्येक मूल रीतसर मेलं. अलीकडचं एकही मेलं नाही.

सोमवारी ती दिम्यानाकडे गेली. अंगणात दिम्याना विटांच्या धुळीनं पांढरे झालेले कपडे बडवत होती.

“ये मावशी. तोंड असं का गं? कोण गेलं?”

“गेलेल्यांसाठीच आलेय. तुझा पहिला मीना. आणि मधली मुलगी. त्यांचं मरण नोंदवायचंय.”

दिम्याना हसायलाच लागली. “आता? आता तर मीना चौदाचा झाला. कागदावर पंधराचा. मिशी फुटायच्या आत सैन्यात नेतील बिचाऱ्याला, तोच घोर लागलाय त्याच्या बापाला. आणि तू म्हणतेस, तो मेला म्हणून सांगू?”

“मेला होता, दिम्याना. माझ्या मांडीवर.”

हसू थांबलं. दिम्यानानं बडवणं खाली ठेवलं. “मला सांगतेस होय? तूच न्हायला घातलंस, पाद्रीबाबा येईपर्यंत श्वास चालू ठेवलास त्याचा, म्हणून बाप्तिस्मा तरी मिळाला. चर्चच्या वहीत दोघांची नावं आहेत. ती वही घेऊन जा. पण माझ्या जिवंत पोराचा कागद देणार नाही. मी दोन पुरलेत तेवढे पुरे. तिसरा नाही पुरायचा, कागदावरसुद्धा नाही.”

शफिकाचं दार त्यापुढचं. शफिकाचा नवरा तीन वर्षं लिबियात, महिन्या दोन महिन्यांनी फोन. तिची दोन गेली, एक राहिला. तो गेलेल्याच्या कागदावर. तिनं नबवियाला उंबऱ्याच्या आतही घेतलं नाही.

“तेव्हा काय म्हणाली होतीस? सदरा आहे! आता सदरा काढ म्हणतेस? नागडं करू पोराला?”

“हळू बोल.”

“का हळू? ऐकू दे वस्तीला! पुढच्या वर्षी शाळेत घालायचाय त्याला. लस, रेशन, सगळं त्याच कागदावर. तुझी सून अडली म्हणून तुला आज मेलेली पोरं आठवली काय गं? माझी गेली तेव्हा गेलीस का डॉक्टरकडे? तेव्हा चहा पिऊन गेलीस!”

नबविया दारातूनच मागं वळली. शफिका खरंच बोलत होती. तिनं शफिकाच्या दारात चहा घेतला होता. दोन्ही वेळा.

आठ दिवस ती फिरली. दारं वाजवताना तिच्या डोक्यात एक गोष्ट जुळत गेली, आणि मग तिला ती पुसताच येईना. पोरं कुणाचीही कशीही जात नव्हती. ज्या घरातला पुरुष लिबियात, तिथली जास्त. बाप यंत्राखाली किंवा विजेच्या झटक्यानं गेला, तर वर्षाच्या आत त्याच्या घरातलं तान्हं मागं जायचं. आई पोराला उन्हात सोडून विटा उचलायला जायची, दूध आटायचं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी आई झालेल्यांची पहिली खेप हमखास वाईट. दोन मुलींनंतर तिसरी मुलगी झाली की घरात कुणी काही करत नाही, फक्त पोराला दवाखान्यात न्यायला उशीर होतो. आणि खमकी सासू घरात असेल, भावाची नाव किंवा रिक्षा असेल, तर तीच धूळ, तेच पाणी, आणि पोर टिकायचं. कुणाच्या नशिबात काय, असं ती आयुष्यभर म्हणत आली होती. आता ते शब्द तोंडातून निघेनात. नशीब असं घरं बघून बघून कसं येतं?

दोघी तयार झाल्या. एक विधवा, तिला पुढं मूल होण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरीला नवऱ्यानं टाकलेलं. त्यांच्या मेलेल्यांचे कागद कुणाच्याच अंगावर नव्हते. नबविया दोघींना घेऊन सिदकीपुढं उभी राहिली.

सिदकीनं चष्मा कपाळावर चढवला. “दोन वर्षं उशीर. पोलिसांचा जबाब लागेल. ओळखपत्रवाले दोन साक्षीदार. आणि पुरल्याची पावती.”

“पुरल्याची पावती कोण देतं?”

“कबरस्तानाचा रखवालदार.”

“तान्ह्यांना आम्ही भिंतीच्या कोपऱ्यात पुरतो, सिदकीसाहेब. रखवालदाराला हाकही मारत नाही. पावती कुठली?”

“मग तो मेला नाही.”

“मग कुठं आहे? काढा की शोधून!” विधवा एकदम ओरडली. “जिवंत असेल तर द्या माझ्या हातात!”

सिदकीनं मान खाली घातली आणि काहीतरी खोडत बसला. तो काही वाईट माणूस नव्हता. अशी माणसंच रजिस्टर सांभाळतात, म्हणून तर ते असं असतं.

बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी यादी जाणार. नबवियाच्या हातात एकही दाखला नव्हता, आणि चर्चच्या वहीचं पान सिदकीनं “ही सरकारी वही नव्हे” म्हणून परत केलं होतं. घरी दौलत सावलीत आडवी पडलेली. तिच्या पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा.

आता एकच कागद उरला होता. स्वतःच्या घरातला.

दौलतच्या पहिल्या मुलीचं नाव वर्दा. लग्न दोन शब्दांचं, म्हणून तिचा दाखला काढायला खलफ कोर्टात खेटे घालत होता, पोर पोटात असल्यापासून. वर्दा एकोणीस दिवसांत गेली. तिचा चाळिसावा दिवस झाला, घरात कुराण वाचून झालं, लोक उठले, आणि त्याच दुपारी खलफ कोर्टातून दाखला घेऊन आला. शिक्का अजून ओला. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी झाली. तिला वर्दा हाक मारायला लागले. आज ती चार वर्षांची. कोंबड्यांच्या मागं पळते, आजीच्या खलबत्त्यात दगड कुटते.

“दौलत,” नबविया म्हणाली, “वर्दाचा कागद दे.”

दौलतला समजायला वेळ लागला नाही. वस्तीत आठ दिवस तेच चाललं होतं. ती कोपरावर उठली. “कुठल्या वर्दाचा?”

“जी गेली तिचा.”

“तो माझ्या जिवंत पोरीचा आहे.”

“जिवंतला नवा काढू. आता तुमचं लग्न नोंदलेलं आहे, सोपं जाईल. आज हा दिला, तर मी डॉक्टरबाईंना सांगेन, बघा, माझ्याच घरातून सुरुवात केली. मग दिम्याना देईल. मग बाकीच्या…”

“कुणी देणार नाही. मावशी, तुला कळत कसं नाही? पोटातल्यासाठी ही मारायची?” दौलतचा आवाज चिरकला. “ही हसते, बोलते, तुझ्या अंगावर झोपते. हिला मेली म्हणून लिहून येशील तू? हात नाही कापणार तुझे?”

“पेटी आली नाही तर पोटातलं जाईल गं. मला माहीत आहे. माझ्या बोटांना माहीत आहे.”

“तुझ्या बोटांनीच शिकवलं आम्हाला हे सगळं.” एवढं बोलून ती भिंतीकडे वळली.

दुपारी दौलतचा डोळा लागला. नबवियानं पेटाऱ्यातून कागद काढला. हो, चोरला. सरळ सांगतो, लपवायचं कशाला? सुनेचा कागद चोरून ती भर उन्हात पूल ओलांडून गेली.

दवाखान्यात डॉक्टर सुहैर यादीवर सह्या करत होत्या. सिदकीनं कागद उलगडला.

“कोण मेलं?”

“वर्दा खलफ. पाच वर्षं झाली.”

“पाच वर्षं.” त्यानं दाखला उलटा केला. मागे लशींचे शिक्के होते, एकाखाली एक. “नऊ महिन्यांची लस. दीड वर्षाची. आणि हा मागच्या वसंतातला डोस, हा शिक्का तर मी स्वतः मारलाय. मेल्यावर लस घ्यायला येत होती काय गं?”

शिक्क्यांचा विचार नबवियाच्या डोक्यातच आला नव्हता. तिला दिसायचा फक्त कागद, त्यावर काय उमटत जातं ते तिला वाचता कुठं येत होतं?

“आधी खोटं बोललीस, की आता बोलतेस?” सिदकी म्हणाला. आता तो हसत नव्हता. “हा गुन्हा आहे मावशी. हा कागद पोलिसांकडे जाणार.”

“जाऊ दे. माझं नाव लिही. दाईनं लपवलं म्हणून लिही. आणि लिही पुढं, दिम्यानाचा मीना, तिची मुलगी मार्था, शफिकाचा सय्यद, शफिकाचाच रजब, नाल्याकाठच्या विधवेचा…” ती घरं मोजत वस्तीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. दार, भिंत, चूल, पोर. श्वास लागला तरी थांबली नाही. डॉक्टर सुहैरनी पेन उचललं आणि एका कोऱ्या कागदावर नावं लिहायला सुरुवात केली. त्रेचाळीस झाली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डोळे चोळले.

“मावशी, हे मी यादीला जोडते. पण वर कोणी मोजणार नाही. दाईच्या सांगण्यावरून, एवढाच याचा अर्थ.”

“मग तुम्ही लिहिलं कशाला?”

डॉक्टरांनी तो कागद यादीला टाचला.

गुरुवारी यादी गेली. कागद पोलिसांच्या लिफाफ्यात गेला. दौलतला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. चार वर्षांच्या वर्दाला जवळ ओढून बसली आणि त्या दिवसापासून नबवियाशी एक शब्द बोलली नाही. पोटाला हातही लावू दिला नाही. खलफनं खोकत खोकत दोघींच्या मधे उभं राहून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि खाणीत निघून गेला.

पुढच्या बुधवारी सकाळी दहाला दौलतचं पाणी गेलं. आठवा लागून चार दिवस.

रिक्षानं घाटापर्यंत नेलं. नाव या काठालाच होती, पण नावाडी उसाची गाडी चढवत होता. नबविया त्याच्यावर धावून गेली. “तुझ्या आईला सोडवलंय मी तुझ्यापासून! दोर सोड, नाहीतर इथंच बुडवीन!” त्यानं उसाची गाडी अर्धी काठावर टाकून दोर सोडला. नदीच्या मधोमध दौलतनं मावशीचा हात पकडला. बोलली नाही, पण पकडला. मुलगी तिथंच झाली. दोन तळव्यांत मावेल एवढी. आणि रडली. मांजराच्या पिलासारखी, पण रडली. नावेतल्या सगळ्यांनी ऐकलं. नबवियानं तिला झग्याच्या आत, उघड्या छातीवर धरलं आणि काठ येईपर्यंत स्वतःचा श्वास तिच्या डोक्यावर सोडत राहिली.

इस्पितळात पेट्या चार, आत पोरं पाच. एका पेटीत जुळी होती. नर्स चांगली होती, पळापळ केली, कोपऱ्यात दिवा लावून कापसात ठेवलं, म्हणाली, तुमच्या आधी दोघांचा नंबर आहे. गुरुवारी दुपारच्या अजानच्या वेळी मुलगी गेली. नंबर आला नव्हता.

नोंदणीच्या खिडकीतला माणूस थकलेला होता आणि त्याला मदतच करायची होती. “बाई, जन्म नोंदलेला नाही. आता आधी जन्म नोंदवा, मग मृत्यू, दोन फॉर्म, चार सह्या. कशाला? मी ‘मृत जन्मली’ लिहितो. एका सहीत घरी जाल.”

नबवियाचा अंगठा पुढं सरकला. खरं सांगतो, सरकला. एकोणतीस वर्षांची सवय होती ती, बाळंतिणीला आधी घरी न्यायचं, कागदाचं नंतर बघू.

“नाही,” मागून दौलत म्हणाली.

ती भिंतीला धरून आली होती. पायावर रक्त, काखेत कापडाचं गाठोडं. आठ दिवसांत तिचा आवाज असा पहिल्यांदाच कुणी ऐकला.

“ती रडली होती. सव्वीस तास जगली. दोन्ही लिहा. आधी जन्म, मग मरण.”

“बाई, तुम्ही बसा तरी…”

“बसते. इथंच बसते.” आणि ती खिडकीखाली फरशीवर बसली, गाठोडं मांडीवर घेऊन. “नाव लिहा. हनिया. हनिया खलफ. कुणाचं उसनं घेतलेलं नाही, आणि पुढं कुणाला द्यायचंही नाही.”

रांग थांबली. माणूस चिडला, मग साहेबाकडे गेला, साहेब आला, बघून गेला. साक्षीदार हवे म्हणाले. नबविया घाटावर पळाली. वय साठ, गुडघे गेलेले, तरी पळाली. नावाडी आला, काल नावेत असलेला उसाचा गाडीवालाही आला. दोघांनी ओळखपत्रं खिडकीत टाकली. “रडली होती,” नावाडी म्हणाला. “माझ्या नावेत. लिहा.” संध्याकाळी चारला दोन कागद झाले.

पेट्या आल्या. दोन कफ्र मनसूरला मिळाल्या. इज्बत शाहीनच्या वाट्याला काही आलं नाही. नबवियावर खटला उभा राहिला. चार वर्षांची वर्दा आजच्या घडीला कागदावर कोणीच नाही. मेलेली नाही, जन्मलेलीही नाही. तिची शाळा पुढच्या वर्षी. पुढची यादीही पुढच्या वर्षी. दौलत अजून मावशीशी धड बोलत नाही.

पण एका शनिवारी सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली. हातात ते दोन कागद. “शफिकाकडे चल,” म्हणाली. “तू बोलू नकोस. मी बोलते.”

शफिकानं दार उघडलं नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी उघडलं, आणि म्हणाली, देते, पण माझ्या जिवंतला नवा दाखला आधी, आणि साक्षीदार तुम्ही आणा. माझ्या ओळखीत ओळखपत्रवाला माणूस नाही, असलेला लिबियात आहे.

अडलंय ते इथं. जुनं मरण नोंदवायला दोन साक्षीदार लागतात. चाळीसच्या वर मरणं आहेत, आणि पोलिसांना घाबरून कुणी सही करत नाही. तुम्ही वाचू शकता, म्हणजे सही करू शकता. खिशात ओळखपत्र असेलच. तुमच्याही वस्तीत अशी एखादी बाई असेल, जिच्या कापडाच्या गाठोड्याचा कागद झालेला नाही. येत्या शनिवारी तिच्या दारात जा. तिला म्हणा, चल, मी सोबत येतो. आणि खिडकीतल्या माणसानं विचारलं, तुम्ही कोण, तर ओळखपत्र काढून ठेवा आणि सही करा.